एकाहत्तर टक्के रिकामं

सोमवारी सकाळी बापूसाहेब सरांनी केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "त्या ताहेरला काढायचंय. पत्र तयार करा," तेव्हा अंबरीशने सवयीने विचारलं, "मराठीत की इंग्रजीत?" प्रश्न तोंडातून गेला आणि मग तो त्याला ऐकू आला, भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडातलं बोलणं ऐकू यावं तसा. माणूस काढायचा, त्याचा दोष नाही हे आपल्याला पक्कं ठाऊक, आणि आपली शंका काय, तर भाषेची. सर म्हणाले, "इंग्रजीत करा. इंग्रजीत जरा कायद्याचं वाटतं." अंबरीशने मान हलवली. कोचिंग क्लासचा प्रशासकीय अधिकारी म्हणून इतक्या वर्षांच्या नोकरीत मान हलवायची त्याची एक पद्धत पडली होती, डावीकडे थोडी आणि खाली थोडी. तिच्यातून हो निघे, नाही निघे, आणि ऐकलं एवढाच अर्थही निघे. समोरच्याने हवा तो घ्यावा. सर नेहमी हो घेत.

सरांच्या डोक्यामागे भिंतीवर बेचाळीस इंची टीव्ही होता. त्यावर दिवसभर आकडे हलत. आज हजर किती, गैरहजर किती, कालच्या चाचणीची सरासरी काय, आणि सगळ्यांत खाली हिरव्या चौकटीत सर्व्हरची रिकामी मेमरी. आत्ता तिथे एकाहत्तर टक्के दिसत होतं. हे एकाहत्तर अंबरीशने केलेलं होतं आणि काल सकाळी जे घडलं ते त्या एकाहत्तरामुळे घडलं होतं. हे माहीत असलेली जगात दोनच माणसं होती. एकाला काढायचं होतं आणि दुसऱ्याला ते टाईप करायचं होतं.

लातुरात टक्का हे मापच आहे. इथे पन्नाशीच्या माणसालाही स्वतःचे बारावीचे टक्के पाठ असतात, आणि ते कमी असतील तर तो गणिताचे सांगतो. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी क्लासने ऑनलाइन चाचण्यांसाठी तिसऱ्या मजल्यावर दोनशे चाळीस संगणक मांडले, खाली एक मोठा सर्व्हर बसवला, टीव्ही लावणाऱ्या माणसाने हौसेने त्याचेही आकडे पडद्यावर आणून ठेवले, आणि पहिल्याच आठवड्यात तिथे 'रिकामी मेमरी ४%' असं उमटलं, तेव्हा सर खुर्चीतून उठून उभे राहिले होते. सर्व्हर सांभाळायला ताहेर नुकताच आला होता. त्याला अंबरीशनेच आणलं होतं, नांदेडहून. ताहेरच्या वडिलांचं तिथे घड्याळदुरुस्तीचं दुकान, आणि अंबरीशच्या वडिलांच्या मनगटावरचं घड्याळ मरेपर्यंत, म्हणजे वडील मरेपर्यंत, त्या दुकानाने चालतं ठेवलेलं. "पोराचं बघा कुठं तरी," एवढंच ते कधीतरी म्हणाले होते. म्हणून बघितलं.

"चार?" सर म्हणाले होते. "आपल्या क्लासात शिपायाच्या पोराला बी कधी चार पडले न्हाईत."

"सर, रिकामं किती हाय ते सांगून राहिलंय ते," ताहेर म्हणाला.

"तेच की. चार रिकामं म्हंजे शहाण्णव भरलं. अजून निम्मे ॲडमिशन व्हायचेत. ती पोरं कुठं बसतील?"

"पोरं मेमरीत बसत न्हाईत, सर."

मग त्याने समजावून सांगितलं होतं. शांतपणे, हाताने हवेत टेबल आखत. अब्बांचं टेबल सकाळी मोकळं असतं. दुपारपर्यंत चिमटे, भिंगं, पट्ट्यांचा डबा, काट्यांच्या पुड्या सगळं वर येतं. कपाट मागं आहे, उठून जायला वेळ लागतो, म्हणून एकदा काढलेली वस्तू अब्बा परत नेऊन ठेवत नाहीत. पुन्हा लागेलच. नवीन घड्याळ आलं आणि खरंच जागा पाहिजे झाली की हाताने बाजूला सारतात, त्याला काही वेळ लागत नाही. बघणाऱ्याला वाटतं दुकान तुंबलंय. मशीनचंही तसंच. डिस्क म्हणजे मागचं कपाट. एकदा तिथून वाचलेली प्रश्नपत्रिका ते मेमरीत पसरून ठेवतं, कारण एका पोराने मागितली म्हणजे उरलेली दोनशे एकोणचाळीस तीच मागणार. कुण्या प्रोग्रामला जागा लागली की लगेच सोडतं. म्हणून हा 'रिकामं'चा आकडा बघायचाच नाही, सर. मशीन त्याच्या शेजारीच दुसरा आकडा देतं, मागितलं तर किती मिळेल याचा. तो सत्तरच्या वर आहे. टीव्हीवाल्याने तो लावला नाही. मशीनने असं हाताशी धरून ठेवलेल्याला संगणकवाले कॅश म्हणतात, पण तो शब्द ताहेरने यात एकदाही येऊ दिला नव्हता. सरांसमोर कॅश म्हटलं की बोलणं भलतीकडे जातं हे त्याला चार दिवसांत कळलं होतं.

"रिकामं म्हंजे वाया चाललेलं, सर," तो शेवटी म्हणाला.

"तुझ्या अब्बाला टेबल आवरून ठेवायला सांग," सर म्हणाले, आणि तो गेल्यावर, "पोरगं हुशार हाय, अंबरीशराव. पण इचारलं तर उत्तर सांगत न्हाई, स्पष्टीकरण देतंय. आपल्याकडं पर्याय चारच असतात. तेवढा आकडा सुधारून द्या."

टेबलाची ती गोष्ट ऐकताना अंबरीशला वाटलं होतं, हे आपण आधी ऐकलंय. शब्द वेगळे होते, आवाज बाईचा होता. कुठे ते आठवायला त्याला कष्ट पडले नाहीत. कष्ट पडतात ते न आठवायला, आणि ते तो बरीच वर्षं नेमाने घेत आला होता. भूकंप झाला तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता, नांदेडला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजने बाराजणांचं पथक पाठवलं, बिस्किटांचे पुडे आणि हजेरीची चार कोरी बुकं देऊन. निलंग्याकडच्या एका गावात त्यांना उतरवलं, म्हणजे गावाच्या जागी. पहिले दोन दिवस त्याने जे काम केलं त्याबद्दल तो कधी बोलला नाही, आणि लोक विचारत ते नेमकं त्याबद्दलच. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात आलं की या पोराचं अक्षर चांगलं आहे. तेव्हापासून तो छावणीत याद्या करी. अक्षर चांगलं असलेल्या माणसाला फार काही उचलावं लागत नाही, हा शोध त्याला तिथे लागला आणि पुढे आयुष्यभर पुरला.

छावणीत चाळीस तंबू होते, त्यांतले आठ अजून कुणाला दिले नव्हते. त्या आठ तंबूंत लोकांनी ढिगाऱ्यातून काढलेलं सामान आणून ठेवलं होतं. चार घरांच्या चौकटी, पेट्या, उखळं, पाटे, मातीतून चाळून काढलेली तुरीची पोती. कुणाला काही लागलं की तो तीन किलोमीटर ढिगाऱ्याकडे जाण्याऐवजी आधी इथे बघे, आणि बहुतेक वेळा मिळे. हे सगळं मांडलं होतं शिवकांताबाईंनी. चाळिशीच्या असतील. सगळ्या पोरांना त्या तम्मा म्हणत, कानडीतला धाकटा भाऊ. घरात मागं कोण राहिलं हे त्यांनी सांगितलं नाही. अंबरीशच्या यादीत त्यांच्या नावापुढे, घरात माणसं किती या रकान्यात, 'एक' होतं. मग निरोप आला की वरचे साहेब बघायला येणार आहेत, आठ तंबू रिकामे दिसले पाहिजेत. निरोप पोचवायचं काम अर्थात चांगल्या अक्षराच्या पोराकडे.

"कोण ऱ्हायला यायलंय का तम्मा?" बाईंनी विचारलं होतं.

"न्हाई."

"मग?"

"रिकामे दाखवायचेत."

"कुणी आलं तर मी उचलतेच की रे. एका घटकेत उचलते. आत्ता कुणीच न्हाई तर रिकामं करून त्यात काय ठिवायचं? वारं?"

अंबरीशने तेव्हाच प्रथम मान हलवली असावी, डावीकडे थोडी, खाली थोडी. बाईंनी आणि आणखी चौघींनी सगळं बाहेर काढून उघड्यावर रचलं. दुपारी परतीच्या पावसाची एक सर आली आणि तूर भिजली. साहेब चारला आले. आठ तंबू मोजले, आत डोकावले, समाधान व्यक्त केलं, आणि आठ तंबू जास्तीचे आहेत असं लिहून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक येऊन ते आठ तंबू दुसरीकडे घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी शेतांतल्या एका वस्तीवरची सहा कुटुंबं छावणीत आली, त्यांना तंबू नव्हता. शिवकांताबाईंनी त्यांतल्या दोन बायकांना आणि पोरांना आपल्याकडे घेतलं आणि अंबरीश यादी घेऊन आला तेव्हा त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "जेवलास का तम्मा?" एवढंच. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर तो कदाचित त्या विसरलाही असता. पथकाला पुढे प्रमाणपत्रं मिळाली. त्याच्या प्रमाणपत्रावर नाव त्यानेच लिहिलं होतं, सगळ्यांचीच नावं त्यानेच लिहिली होती.

या दोन गोष्टींची तुलना करायची नाही, असं अंबरीशने ठरवून टाकलं होतं. कुठे मेलेल्या माणसांचं गाव आणि कुठे बारावीच्या पोरांच्या चाचण्या. तुलना करणं अशोभनीय आहे. अशोभनीय हा शब्द सापडल्यावर त्याला बरं वाटलं आणि त्याने आकडा सुधारून दिला. एका ओळीचं काम होतं. सर्व्हरला दर तासाला सांगायचं, तू जे धरून बसलायस ते सगळं टाकून दे. इंटरनेटवर ही ओळ जिथे सापडली तिथे तिच्याखाली तीस-चाळीस लोकांनी कळवळून लिहिलं होतं की असं करू नका, याने मशीन हळू होतं, याचा काही उपयोग नाही. अंबरीशने ते सगळं वाचलं. मग ओळ उतरवून घेतली. तास भरला आणि चारचे एकाहत्तर झाले. त्याच्या वर जाणं शक्य नव्हतं, कारण उरलेले एकोणतीस टक्के चालू प्रोग्रामच्या खरोखर वापरात होते. सरांनी पडद्याकडे बघून पाठ थोपटली. "फर्स्ट क्लास. डिस्टिंक्शनला चारच कमी पडले," म्हणाले. महिन्याभरात खालच्या दालनात, ॲडमिशनला येणाऱ्या पालकांसमोर, दुसरा टीव्ही लागला. आकड्याखाली सरांनी सुचवलेली ओळ होती, 'आपल्या पाल्यासाठी जागा आहे.' अर्धापूरहून आलेले एक केळीवाले गृहस्थ तो आकडा वाचून बायकोला म्हणताना अंबरीशने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, "एकाहत्तर टक्के रिकामं हाय बरं का. घेतील आपल्याला."

त्यानंतर दोनेक महिन्यांनी त्याच्या लक्षात आलं की आकडा एकाहत्तरवर टिकत नाही, थोड्या वेळाने पासष्टवर येतो. शोधलं तेव्हा ताहेरने लावलेला एक छोटा प्रोग्राम दिसला. मेमरी रिकामी केलेली दिसली रे दिसली की तो त्या दिवसाच्या सगळ्या प्रश्नपत्रिका डिस्कवरून एकदा वाचून काढी, म्हणजे त्या पुन्हा टेबलावर येत आणि पोरं चाचणीला बसायच्या आत मशीन तयार असे. म्हणजे ताहेरला कळलेलं होतं. त्याने अंबरीशची ओळ खोडली नव्हती, तिच्याबद्दल विचारलंही नव्हतं. एकजण टेबल पुसून जाई, दुसरा मागून येऊन चिमटे मांडून ठेवी. दोघं रोज चार वाजता गेटबाहेर चहा पीत आणि हवापाण्याचं बोलत. ताहेर अशा वेळी फार मजेचं बोले. एकदा त्याने सांगितलं होतं की मशीनवरचा प्रत्येक प्रोग्राम आपण किती मेमरी वापरतो ते सांगतो, त्या सगळ्यांची बेरीज केली तर ती मशीनमध्ये आहे त्याहून जास्त भरते. "खोटं बोलतात?" अंबरीशने विचारलं. "न्हाई हो. एकच पान चौघं मिळून वापरतात आणि चौघंही आपल्या नावावर दाखवतात." आणि हसून समोर बोट केलं होतं. चौकातल्या तीन होर्डिंगवर तीन वेगवेगळ्या क्लासचा पहिला आलेला विद्यार्थी म्हणून एकाच मुलीचा फोटो होता. एकात तिच्या वेण्या पुढे होत्या, दोनांत मागे. "बेरीज करा, भाई. गावात पोरं न्हाईत तेवढे टॉपर निघतील."

आता त्या होर्डिंगकडे तोंड करून अंबरीश टाईप करायला बसला होता. पहिली ओळ झाली होती. तारीख बरोबर होती. पुढे काल काय झालं ते इंग्रजीत लिहायचं होतं.

काल रविवार. मोठी सराव परीक्षा, आणि खालच्या दालनात पालक मेळावा, दोनशेवर पालक. सकाळी नऊला सर म्हणाले होते, "अंबरीशराव, ते मधी मधी पासष्टला उतरायलंय. आज उतरू देऊ नका." उतरू न देण्याचा उपाय एकच होता. अंबरीशने तासाचं मिनिट केलं. दर मिनिटाला सगळं टाकून दे. ताहेरचा प्रोग्राम इमानदार होता, तो दर मिनिटाला सगळं पुन्हा वाचू लागला, आणि वर दोनशे चाळीस पोरं त्याच वेळी आकृत्यांसकट प्रश्न मागू लागली. डिस्क एकच होती. अकरा वाजून दहा मिनिटांनी तिसऱ्या मजल्यावरच्या पडद्यांवर आकृतीच्या जागी पांढरा चौकोन आणि त्यात गरगरणारं चक्र उरलं. खाली टीव्हीवर एकाहत्तर टक्के, हिरव्या चौकटीत, अढळ. ताहेर जिना उतरून आला, पालकांच्या गर्दीतून वाट काढत अंबरीशजवळ येऊन हळूच म्हणाला, "अंबरीशभाई, माझं मी बंद केलंय. दोन मिनटं वर या." वर या म्हणजे तुमची ओळ तुम्ही काढा. सर माईकवर बोलत होते, शिस्त या विषयावर. दोनशे पालकांच्या मधून उठून जाणं बरं दिसलं नसतं. "सरांचं होऊ दे," अंबरीश म्हणाला. ताहेर उभा राहिला, बघत. सरांचं वीस मिनिटांनी झालं, तोवर पोरं खाली उतरून आली होती आणि एक मुलगी रडत होती. परीक्षा रद्द झाली. ज्यांना बोलावलं ते पुण्याचे तज्ज्ञ तिथूनच मशीनमध्ये शिरले, नोंदी चाळल्या आणि फोनवर म्हणाले की एक प्रोग्राम सकाळपासून सारखा डिस्क वाचत होता, त्यावर ताहेरचं नाव आहे. टाकून देणारी ओळ काही वाचत नाही, काही लिहीत नाही, तिचा भार शून्य. ती यादीत वर येतच नाही. सरांनी माईक पुन्हा हातात घेतला आणि पालकांना ताहेरचं नाव सांगितलं.

अंबरीश उठला आणि केबिनमध्ये गेला. पाय आपण होऊन गेले असं त्याला नंतर वाटलं, पण पायांना श्रेय देण्यात अर्थ नव्हता. उभ्यानेच त्याने सगळं सांगितलं. ओळ, तास, मिनिट. सर नांदेडच्या नव्या शाखेला निघण्याच्या तयारीत होते. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हंजे ते एकाहत्तर तुम्ही करून दाखवत होता?"

"हो."

"तीन वर्षं? मला वाटलं एकदा सुधारून दिल्यावर आपोआप होतंय." सरांनी मागे वळून पडद्याकडे बघितलं, ओळखीच्या माणसाचं खरं नाव कळल्यासारखं. "मग बरंच हाय की. म्हंजे आपल्या हातातलं हाय. पंच्याहत्तर न्हाई का होणार?"

"सर, त्याच्यामुळं परीक्षा बंद पडली."

"मग परीक्षेच्या टायमाला बंद ठिवा. बाकी चालू द्या."

"आणि ताहेर?"

"त्याचं नाव मी माईकवर घेतलंय, अंबरीशराव." आवाज समजुतीचा होता. "आता दुसरं नाव घेतलं तर लोक म्हणतील ह्यांना काल माहीत नव्हतं. आज शंभर पालकांचे फोन यायलेत, कारवाई काय केली म्हणून. तुमचं घेतलं असतं तर तुम्हाला काढलं असतं. घेतलं न्हाई. विषय संपला. त्याला पत्र काय पाहिजे ते द्या, मला सहीला आणा."

अपराधाची कबुली दिल्यावर माणूस हलका होतो असं म्हणतात. अंबरीशला हलकं वाटलं नाही, बढती मिळाल्यासारखं वाटलं. जागेवर येऊन त्याने इंग्रजीतली ओळ खोडली आणि मराठीत पत्र लिहायला घेतलं. सरांचा एवढा एक हुकूम तरी मोडायचा. लिहिताना त्याला उत्साह चढत गेला. 'सर्व्हरच्या बिघाडास श्री. ताहेर हे जबाबदार नसून, प्रशासकीय अधिकारी श्री. अंबरीश यांनी केवळ रिकाम्या मेमरीचा आकडा मोठा दिसावा या हेतूने' इथून सुरू झालेलं वाक्य सात ओळींनी संपलं. श्री. अंबरीश यांची भीरुता त्यात आली, श्री. ताहेर यांची मूक निष्ठा आली. एका जागी त्याने 'अक्षम्य' लिहिलं, मग ते 'खेदजनक' केलं, मग पुन्हा अक्षम्य केलं. पान भरलं. रजेचे अर्ज, वसतिगृहाच्या परवानग्या, असे वीस-बावीस कागद सहीला होते, त्यांच्या मधोमध हे पान ठेवून तो आत गेला. सर फोनवर बोलत सह्या करत होते, फक्त सहीची जागा बघून. तेविसाव्या मिनिटाला पत्र सही होऊन त्याच्या टेबलावर होतं. इतक्या वर्षांत त्याने असं काही केलं नव्हतं. ते त्याने दोनदा वाचून काढलं आणि एक स्वल्पविराम जास्तीचा आहे हे लक्षात आल्यावर हळहळला.

ताहेर बाराच्या सुमारास आला. सामान म्हणजे एक पाण्याची बाटली आणि स्क्रूड्रायव्हरचा डबा. त्याने पत्र उभ्यानेच वाचायला सुरुवात केली, अर्ध्यावर खुर्ची ओढून बसला, आणि शेवटपर्यंत वाचून पान टेबलावर ठेवलं.

"तुला कधी कळलं होतं?" अंबरीशने विचारलं.

"पहिल्याच आठवड्यात."

"मग काढली का नाहीस?"

"तुम्ही लावलेली ओळ मी कशी काढू? तुम्ही आणलं मला हितं. अब्बांना कळलं असतं तर म्हणले असते, ज्याच्या हातानं लागलास त्याचा हात धरून चूक दाखवतो व्हय." तो थोडा हसला. "मला वाटलं तुम्ही एक दिवस काढताल. तोवर आपलं मागून मांडून ठिवायचं."

अंबरीशने पत्राकडे बोट केलं. "सरांची सही आहे त्याच्यावर. तुझ्यावर काही राहत नाही."

"बघितलं." ताहेरने पान पुन्हा उचललं. "भाई, गुरुवारी नांदेडला मुलाखत हाय. मोठा दवाखाना हाय, त्यांच्या मशीनवर माणूस पाहिजे. मागच्या जागेचं पत्र आणा म्हणले. हे नेलं तर पहिलं काय इचारतील? ही काय भानगड हाय. मी बसून सांगणार, ओळ, मिनिट, टीव्ही. ते ऐकतील, चहा पाजतील, आणि बिनभानगडीचा माणूस घेतील. ह्याच्यात तुमचं नाव पाच येळा हाय, माझं दोनदा. मी काम काय करत होतो ते एकदाबी न्हाई." आवाज चढलेला नव्हता, सर्व्हर समजावून सांगतानाचा होता तसाच होता. "मला तीन ओळी पाहिजेत. ह्या तारखेपासून त्या तारखेपर्यंत होता, काम चांगलं होतं, वागणूक चांगली होती. हे तुमचं पत्र हाय. माझं द्या."

तीन ओळींना चार मिनिटंही लागली नाहीत. कागद घेऊन अंबरीश जिना उतरला तेव्हा सर गाडीत बसलेले होते. काच खाली आली. आता कागद एकच होता, फोन वाजत नव्हता, आणि ड्रायव्हर पाण्याच्या बाटल्या आणायला गेला होता. एवढा रिकामा वेळ सरांना सहसा मिळत नाही. त्यांनी पत्र वाचलं.

"ह्याचं सकाळीच केलं की आपण."

"त्यात टायपिंगची चूक होती, सर."

"काम समाधानकारक?" सर म्हणाले. "दोनशे चाळीस पोरं बसवून ठिवली काल. उद्या कुणी पालकानं हा कागद दाखवला तर मी काय सांगू?" त्यांनी खिशातलं हिरव्या शाईचं पेन काढलं, मांडीवर डायरी घेऊन तिच्यावर पत्र ठेवलं, आणि तिसऱ्या ओळीखाली स्वतःच्या हाताने लिहिलं, 'मेमरी व्यवस्थापनात गंभीर निष्काळजीपणा केल्याने सेवेतून कमी केले.' खाली सही, तारीख. कागद परत देताना आपुलकीने म्हणाले, "तुम्ही भिडस्त हाव, अंबरीशराव. तुमच्याच्यानं हे झालं नसतं."

सकाळी वीस-बावीस कागदांच्या मधोमध या तीन ओळी ठेवल्या असत्या तर त्यांच्यावर सही झाली असती. जिना चढताना अंबरीशला हे प्रत्येक पायरीला नव्याने कळत होतं. न वाचता केलेली एक सही त्याच्या वाट्याला आली होती, आणि ती त्याने अक्षम्य या शब्दासाठी खर्चून टाकली होती.

ताहेरने हिरवी ओळ वाचली. मग दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघितले.

"दुसरी प्रत काढतो," अंबरीश म्हणाला. "मी सही करतो. प्रशासकीय अधिकारी म्हणून."

"तुमच्या सहीला कोण वळखतं, भाई." यात टोमणा नव्हता. तसं आहे, असं त्याने सांगितलं.

"सर परवा येतील. तेव्हा परत..."

"ऱ्हाऊ द्या." ताहेरने सर्व्हर खोलीची किल्ली खिशातून काढली. "पत्र न्हाईच नेत. रिकामा होतो म्हणून सांगतो."

"तीन वर्षं?"

"लई पोरं रिकामी असतात. कुणी इचारत न्हाई."

पंख्याने दोन्ही कागद हलत होते. ते उडू नयेत म्हणून त्याने किल्ली त्यांच्यावर ठेवली, पाण्याची बाटली घेतली, आणि स्क्रूड्रायव्हरचा डबा आपला आहे की क्लासचा हे एकदा उघडून बघून, तोही घेतला.